दोष प्रोसेसरचा, आळ ग्राफिक्स कार्डावर

गेम सुरू होतो न होतो तोच बंद पडतो आणि पडद्यावर संदेश झळकतो : व्हिडिओ मेमरी संपली. कार्डावर २४ जीबी मेमरी, त्यातली निम्मीही वापरात नाही. २०२३-२४ मध्ये स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्या अनेकांनी 'अनरिअल इंजिन'वर चालणाऱ्या गेममध्ये हा संदेश पाहिला. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. बिघाड मात्र इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरमध्ये होता.

असे गेम सुरू होताना प्रोसेसर भरपूर कॉम्प्रेस केलेला डेटा उलगडतो. त्यात एक बिट चुकला की पुढचं सारं चुकत जातं आणि त्या गोंधळाला प्रोग्रॅम भलतंच नाव देतो. ओल खालच्या घराच्या छताला दिसते, गळका नळ वरच्या मजल्यावर असतो, त्यातलाच प्रकार.

चूक होते कशी? या मालिकेतला सर्वांत वेगवान प्रोसेसर ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. म्हणजे एका ठोक्याला जेमतेम ०.१६ नॅनोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ५ सेंटिमीटर जात नाही. ट्रान्झिस्टरने त्या अवधीत उत्तर द्यायचं, तर त्याला किमान व्होल्टेज लागतं. जादा व्होल्टेज आणि उष्णता सोसून तो म्हातारा झाला, की ही किमान गरज वाढते. इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केलं ते हेच : काही परिस्थितींत प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे ठोके पोचवणारं सर्किटच झिजत होतं. असा प्रोसेसर एकदम मरत नाही. तो अधूनमधून चुकतो, आणि शोधणाऱ्याचा घाम निघतो तो या 'अधूनमधून'मुळे.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या होत्या. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा तसंच कोसळण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे मशीन पुन्हापुन्हा बंद पडू लागलं की 'फॉरमॅट मारून बघ' हा आपल्याकडचा रामबाण सल्ला मला तरी आळशीपणाचा वाटतो.

त्याआधी ब्लू स्क्रीनवरचे कोड लिहून ठेवावेत. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर आधी तो ड्रायव्हर बघावा. दर वेळी नवा कोड, नवी फाइल असेल, तर संशय हार्डवेअरवर घ्यावा आणि सुरुवात रॅमपासून करावी. १६ जीबीत १३,७४३ कोटींहून अधिक बिट असतात, त्यातला एखादाच हट्टी निघाला तरी पुरतो. शिवाय खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम मुळात बहुधा ४८०० वर चालते. वरचा वेग मिळतो तो बायोसमध्ये 'एक्सएमपी' चालू केल्यावर, आणि ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच. ते बंद करावं. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवावी. चुका दिसल्या तर एकेक पट्टी काढून तपासावी. (पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासायची दुकानदारांची युक्ती कधीकधी लागू पडते, पण रबराचा भुसा स्लॉटमध्ये गेला तर नवं दुखणं.)

लोड आला की मशीन ब्लू स्क्रीन न दाखवता थेट रिस्टार्ट होत असेल, तर मात्र आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघावा. विंडोजच्या नोंदीत तेव्हा 'कर्नल-पॉवर ४१' सापडतं. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ग्राफिक्स कार्ड अचानक वीज खेचतं तेव्हाची क्षणिक घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणावा, हेच बरं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम आणि एसएमपीएस एकदम बदलून मशीन सुधारलं, तर दोषी कोण ते कळतच नाही.

इंटेलच्या त्या प्रोसेसरांसाठी ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती मिळू लागली. झिजलेली चिप त्याने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. कंपनीने खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षांवर नेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार पैसे वाचवून सुटा, 'ट्रे'चा प्रोसेसर घेतला असेल, तर दाद दुकानदाराकडे मागायची. तेव्हा बिल जपून ठेवलेलं असावं.