मराठी अर्ज टाईप केला, उघडला तर 'पी-क्यू-एम'! कॉम्प्युटरवर मराठी नेमकं कशात लिहावं?

चुडावा (ता. पूर्णा) : तहसीलला द्यायचा अर्ज टायपिंगच्या दुकानात करून घेतला. दुकानदारानं फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली. घरी येऊन मोबाईलवर उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. जिथं 'चुडावा' लिहिलं होतं तिथं पी, क्यू, मोठा एम, के, ओ, के. असा अनुभव गावोगावच्या लोकांना येतो. कोणी म्हणतं मोबाईल जुना झाला, कोणी म्हणतं फाईलला व्हायरस लागला. खरं तर दोन्ही ठणठणीत असतात. फाईल उघडली ती बरोबरच उघडली. त्या फाईलमध्ये मराठी मुळात नव्हतीच.

हे समजून घ्यायला 'कृतिदेव' समजला पाहिजे. टाईपरायटरवर हात बसलेल्या लोकांना कॉम्प्युटरवर त्याच बटणांनी लिहिता यावं, म्हणून असे फॉन्ट आले आणि चांगले रुळले. यात पी दाबला की पडद्यावर 'च' दिसतो, क्यू दाबला की उकार, मोठा एम दाबला की 'ड'. पण कॉम्प्युटर आत साठवतो तो पी, क्यू आणि एमच. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर मराठीचं सोंग चढवतो, बहुरूप्यासारखं. ज्या मशीनमध्ये कृतिदेव आहे तिथं सोंग टिकतं. मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसतो, मग सोंग उतरतं आणि आतली इंग्रजी उघडी पडते. 'श्रीलिपी', 'शिवाजी' हे जुने फॉन्टही याच जातीचे. वर प्रत्येकाची बटणं वेगळी, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की नवाच गोंधळ.

युनिकोडचा हिशोब वेगळा आहे. जमिनीला जसा गट नंबर, तसा यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर दिलेला आहे. 'च' चा नंबर २३३०. फॉन्ट कोणताही लावा, मोबाईल कोणत्याही कंपनीचा असू द्या, २३३० म्हणजे 'च'च. शेतात कोण उभा आहे यावरून गट नंबर बदलत नाही, तसंच हे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. 'ॲप', 'ॲसिड' मधला 'ॲ' मात्र २००८ मध्ये आला; जुन्या कॉम्प्युटरवर तेवढ्याच अक्षराच्या जागी चौकोन दिसतो तो यामुळे. केंद्र सरकारनं २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवलं. म्हणून ऑनलाईन फॉर्मच्या रकान्यात कृतिदेवमधलं नाव कॉपी करून टाकलं की ते इंग्रजी होऊन बसतं.

तीन गोष्टींची एकच मोट

गावाकडं सहज विचारतात, "तू कशात टाईप करतो?" उत्तर येतं, "कृतिदेवमध्ये", "वर्डमध्ये" किंवा "गुगलमध्ये". ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. लिहायचा प्रोग्राम कोणता, बोटांची सवय कोणती आणि साठवण कशात, हे तीन प्रश्न सुटे आहेत. पहिल्या दोघांत ज्याची त्याची आवड चालते. तिसऱ्यात चालत नाही.

प्रोग्रामचं आधी उरकून घेऊ, कारण तिथं फारसं अडत नाही. नोटपॅड हा विंडोजसोबत १९८५ पासून येणारा साधा प्रोग्राम. त्यात फक्त मजकूर साठतो; फॉन्टची नोंदही नाही. अर्जाचा कच्चा मसुदा करायला तो पुरतो. फक्त एक सांभाळावं लागतं. जुन्या विंडोजमध्ये फाईल सेव्ह करताना खाली 'एन्कोडिंग' म्हणून खाना असतो आणि तिथं आधीपासून 'एएनएसआय' निवडलेलं असतं. तसंच सेव्ह केलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती पुन्हा मराठी होत नाही. तिथं 'यूटीएफ-८' निवडायचं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेनंतर ते आपोआप निवडलेलं येतं.

छापायचा अर्ज, ठराव, तक्ता असेल तर वर्ड सोयीचं. ते विकत घ्यावं लागतं, आणि दुकानांत दिसणाऱ्या कितीतरी कॉपी कशा आलेल्या असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, वर्डच्या फाईली उघडतं आणि साध्या पत्रव्यवहाराला कुठंही कमी पडत नाही. ते बसवायला लोक का कचरतात हे कोडंच आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या जगात तर 'व्हीआय' चांगला की 'इमॅक्स' यावर १९७० च्या दशकात जन्मलेल्या या दोन प्रोग्रामांच्या चाहत्यांची भांडणं अजून मिटली नाहीत. नांदेडला इंजिनिअरिंगला गेलेलं पोरगं बहुतेक मायक्रोसॉफ्टचा फुकटातला 'व्हीएस कोड' वापरत असतं. तो कोड लिहायला भारी, पण पीक विम्याच्या अर्जाला त्याचा काही उपयोग नाही.

बोटांची सवय

खरा प्रश्न इथं आहे, आणि विशेषतः जो विद्यार्थी टायपिंगचा क्लास लावणार आहे त्याच्यासाठी. कारण एकदा बोटं बसली की उठवायला महिने लागतात.

रस्ते तीन आहेत. पहिला रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाईपरायटरचा. यात पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर नंतर. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात, आणि त्या तयारीत जुने मास्तर याच बटणांवर हात बसवून देत आले. हाताला याची सवय असेल तर ती मोडायची गरज नाही. बटणं रेमिंग्टनची आणि साठवण युनिकोडची, अशी साधनं मिळतात. रेमिंग्टन येतं म्हणून कृतिदेवच वापरलं पाहिजे, हा बऱ्याच दुकानांत पक्का बसलेला गैरसमज आहे.

दुसरा रस्ता इनस्क्रिप्टचा. ही रचना १९८६ मध्ये सरकारनं भारतीय भाषांसाठी ठरवली आणि ती विंडोजमध्ये आयतीच असते, वेगळं काही बसवावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. अक्षर जसं बोलतो तसं लिहायचं, आधी 'क' मग वेलांटी. 'ळ' ला शिफ्ट आणि एन, 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ' ला शिफ्ट आणि जे, मग पाय मोडायला डी. 'क' चं बटण हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये तेच राहतं. नव्यानं शिकणाऱ्यानं हाच धरावा. पंधरा दिवस जीव मेटाकुटीला येतो, पुढं हात पळतो.

तिसरा रस्ता इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी करायचा. बहुतेक लोक हाच वापरतात, कारण शिकावं असं त्यात काही नाही. महिन्यातून दोन अर्ज लिहिणाऱ्याला तो पुरेसा आहे. पण ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष यांत तो हमखास घोळ घालतो, आणि आडनावं स्वतःच्या मनानं बदलतो. सातबारावर एक नाव आणि अर्जावर दुसरं, ही भानगड अशीच होते.

क्लासला पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्यावं की ज्या परीक्षेची तयारी करायची तिच्यात कोणता कीबोर्ड चालतो. शासनाची संगणक टायपिंग परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. भरतीच्या कौशल्य चाचणीचे नियम त्या-त्या जाहिरातीत असतात. मास्तरांच्या तोंडी शब्दापेक्षा ती जाहिरात वाचलेली बरी.

फाईल युनिकोडमध्ये आहे का, कसं ओळखायचं?

फाईलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला किंवा घरच्या कुणाला पाठवायची. मराठी आली तर युनिकोड. इंग्रजी गिचमिड आली तर जुना फॉन्ट. दुकानातून उठायच्या आधी, पैसे देण्याआधी ही तपासणी करता येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नुसती पीडीएफ बघून मात्र कळत नाही. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे कृतिदेवचा अर्जही पीडीएफमध्ये नीट दिसतो. त्यातलं नाव शोधायला किंवा कॉपी करायला गेलं की मग खरं काय ते बाहेर येतं.

मोबाईलवर लिहिलेली मराठी युनिकोडच असते, बोलून टाईप केलेली सुद्धा. म्हणजे ज्याच्याकडं कॉम्प्युटर नाही त्यानं मोबाईलवर मजकूर लिहून दुकानात फक्त छापायला दिला, तरी तो भक्कम अर्ज झाला. बोलून टाईप करताना गावाचं नाव, गट नंबर, रक्कम आणि तारीख डोळ्यांनी तपासावी. 'चुडावा' चं भलतंच काही होऊ शकतं.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांकडं मात्र जुन्या फॉन्टचा वापर अजून आहे, आणि त्याला कारणही आहे. पेजमेकरसारखा जुना प्रोग्राम युनिकोड मराठी घेतच नाही, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिथं जे छापायचं ते कागदावर उमटलं की काम संपतं. ती फाईल पुढं कुणी उघडणार नसतं. ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीच्या याद्या, शाळेचे दाखले यांचं तसं नाही. दहा वर्षांनी कुणीतरी त्यात एखादं नाव शोधणार असतं, आणि कृतिदेवमधल्या यादीत मराठी नाव टाकून शोधलं तर कॉम्प्युटर 'सापडलं नाही' असंच सांगतो, नाव समोर दिसत असलं तरी.

अशा जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलून देणारे फुकट कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत. वर्डमधला मजकूर कॉपी करून त्यात टाकायचा, बदललेला मजकूर नव्या फाईलमध्ये ठेवायचा. लोकांची नावं, आधार नंबर असलेली यादी मात्र अनोळखी वेबसाईटवर टाकू नये. त्यासाठी कॉम्प्युटरवरच चालणारा कन्व्हर्टर घ्यावा. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' असलेले शब्द एकदा वाचून काढावे लागतात, चुका तिथंच राहतात. आणि नवी फाईल पूर्ण तपासून होईपर्यंत जुनी पुसू नये.