'ड्रेंच्ड' : नुसते ओले नव्हे

तुम्ही शाळेत उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकता. इंग्रजीतील 'ड्रेंच्ड' या शब्दाचा अर्थ विचारला, तर बरीच मुले 'ओला' असे लिहितात. हा अर्थ अगदी चूक नाही. पण तो अपुरा आहे.

ओलेपणाच्याही पायऱ्या असतात. पावसाळ्यात वाळत घातलेला सदरा नीट वाळत नाही. तो 'दमट' राहतो. उर्दूत आपण त्याला 'नम' म्हणतो, इंग्रजीत 'डॅम्प'. धुतलेले हात रुमालाला पुसले, की रुमाल 'ओला' होतो. उर्दूत 'गीला', इंग्रजीत 'वेट'. आता समजा, छत्री नसताना तुम्ही मुसळधार पावसात सापडलात. कपडे अंगाला चिकटले, केसांतून पाणी निथळू लागले. अशा वेळी इंग्रजीत 'ड्रेंच्ड' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'चिंब' हा शब्द आहे आणि उर्दूत 'तरबतर' किंवा 'शराबोर'.

'ड्रेंच' हा शब्द मूळचा 'ड्रिंक' म्हणजे 'पिणे' या शब्दाच्या नात्यातला आहे. सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पाजणे' असा होता. मराठीत पिणे-पाजणे, उर्दूत पीना-पिलाना, तशीच ही जोडी. आजही जनावराला तोंडावाटे पातळ औषध पाजण्याला इंग्रजीत 'ड्रेंच' म्हणतात. पिकाच्या मुळाशी औषधाचे पाणी ओतण्याला मराठीत 'आळवणी' म्हणतात. त्यालाही इंग्रजीत 'ड्रेंचिंग' हाच शब्द आहे. म्हणजे 'ड्रेंच्ड' कपडे जणू पोटभर पाणी प्यालेले असतात!

'सोक' हा शब्दही याच्या जवळचा आहे. मात्र एखादी वस्तू पाण्यात बराच वेळ ठेवली, तर 'सोक' म्हणतात. आई रात्री हरभरे भिजत घालते, तिथे 'सोक' हवा, 'ड्रेंच' नको. पावसात भिजलेल्या माणसासाठी मात्र दोन्ही शब्द चालतात.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, 'ओला' हा शब्द लिंग-वचनानुसार बदलतो : ओला रुमाल, ओली चादर, ओले कपडे. 'चिंब' बदलत नाही : मुलगा चिंब भिजला, मुलगी चिंब भिजली, मुले चिंब भिजली. दुसरी, 'चिंब' म्हणजेच पूर्ण भिजलेला. म्हणून 'खूप चिंब' असे म्हणत नाहीत. इंग्रजीतही 'ड्रेंच्ड'च्या आधी सहसा 'व्हेरी' लावत नाहीत.

हे शब्द केवळ पावसासाठी नाहीत. समजा, घरातील आजारी माणसाचे अंग रात्री घामाने चिंब झाले. डॉक्टरांना तुम्ही 'थोडा घाम आला' एवढेच सांगितले, तर आजाराची खरी कल्पना त्यांना कशी येणार? 'अंग घामाने चिंब झाले होते, कपडे बदलावे लागले' असे सांगा. योग्य शब्द केवळ परीक्षेतील गुणांसाठी नसतो. आपले म्हणणे समोरच्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचावे, यासाठी तो असतो.

स्वाध्याय
१. 'दमट', 'ओला' आणि 'चिंब' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
२. 'ड्रेंच' आणि 'सोक' यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
३. 'पिणे-पाजणे' यासारख्या आणखी तीन जोड्या मराठीत व उर्दूत लिहा.