दुधाचा पेला आणि हॅनफर्ड

दुधाचा पेला रिकामा झाल्याशिवाय मुलाला पाटावरून उठू न देणारी आई आपल्याकडे घरोघरी भेटते. तशाच आया अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया नदीच्या काठीही होत्या. पुढे उतारवयात त्यांच्याकडे एक विलक्षण चौकशी झाली, तिची ही हकीकत.

१९४३ साली तेथील हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही फळबागांची गावे सरकारने थोडक्या मुदतीत उठविली. पिढ्यान् पिढ्या तेथे मासेमारी करणारे वानापम लोकही आपल्या नदीकाठाला मुकले. कशासाठी, ते कोणी सांगितले नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बाँबमधील प्लुटोनियम याच जागी सिद्ध झाले होते.

अणुभट्टीतून काढलेल्या युरेनियमच्या कांड्या आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळे करीत. त्या वेळी किरणोत्सर्गी आयोडीन वायुरूपाने धुराड्यावाटे बाहेर पडे. वाऱ्याबरोबर ते गवतावर बसे, गवत गाईच्या पोटात जाई, दूध घरात येई, आणि मुलाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेई. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. कांड्या काही महिने तशाच ठेवल्या तर धोका पुष्कळ ओसरतो. पण युद्धाच्या घाईत तेवढी सबुरी कोणाला? १९४४ ते १९४७ या काळात सर्वाधिक आयोडीन हवेत गेले.

ती घाई एक वेळ समजून घेता येईल. डिसेंबर १९४९ मध्ये मात्र युद्ध नव्हते. रशियाचे असेच कारखाने हवेवरून कसे हुडकावेत, हे पडताळण्यासाठी जेमतेम सोळा दिवस निवलेल्या कांड्या मुद्दाम विरघळविल्या गेल्या. शेजारच्या गावांना इशारा नाही, दुधाविषयी चकार शब्द नाही!

१९८६ साली, लोकांनी लकडा लावल्यावर, सुमारे १९ हजार पानांचे दप्तर खुले झाले, तेव्हा हे बाहेर आले. दोन हजारांहून अधिक माणसे न्यायालयात गेली. ते खटले २०१५ पर्यंत रेंगाळले. जमिनीखालच्या १७७ टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर घातक द्रव व गाळ साठला. कित्येक टाक्या गळल्या. त्यातील सौम्य भाग काचेत गोठविण्याचे काम २०२५ च्या ऑक्टोबरात कोठे सुरू झाले.

१९४० ते १९४६ च्या दरम्यान त्या भागात जन्मलेल्या तीन हजारांवर माणसांच्या ग्रंथीही तपासल्या गेल्या. किरणांची मात्रा आणि रोग यांचा संबंध आकड्यांत दिसत नाही, असा निर्वाळा २००२ साली मिळाला. पुष्कळांना तो पटला नाही. कारण कोणाला किती मात्रा पोचली, याचा हिशेब बऱ्याच अंशी त्या वृद्ध आयांच्या आठवणीवर बेतलेला होता. त्यांना विचारले होते: पन्नास वर्षांपूर्वी तुमचे मूल दिवसाला किती पेले दूध पीत असे, आणि ते दूध दुकानचे होते की घरच्या गाईचे?