वळिवडे : कोल्हापूरजवळचं पोलिश गाव

• कधी : १९४३ ते १९४८.

• कोण : सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया, मुलं, वृद्ध. १९४०-४१मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं. १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका, मग इराणमार्गे भारतात, वळिवड्याच्या छावणीत.

• घरचे पुरुष : अनेक जण पोलिश जनरल आंदर्स यांच्या सैन्यात. १९४४मध्ये ते इटलीत मोन्ते कासिनोला लढले.

• गल्लत नको : जामनगरजवळची बालाचडी वेगळी. ती पोलिश मुलांची छावणी होती.

• लग्न : वळिवड्याच्या छावणीतल्या एका तरुणीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं. बाकीचे बहुतेक भारत सोडून गेले, ती कोल्हापूरचीच झाली.

• आज : फाळणीनंतर छावणीच्या जागी सिंधी निर्वासित वसले, तेच गांधीनगर. पोलिश निर्वासितांचं स्मारक कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.