दल्लीचं लाल पाणी

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. त्या भट्टीची छायाचित्रं पुष्कळांनी पाहिली असतील. पण तिच्या पोटात जाणारा दगड आधी दल्ली-राजहराच्या खाणीवर आंघोळ उरकून येतो, हे फारसं कुणाच्या गावी नसतं.

इथलं हेमॅटाइट लोहाच्या बाबतीत तालेवार. दुखणं आहे ते त्याला चिकटलेल्या चिकणमातीचं, म्हणजे तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनाचं. तो वाढला की भट्टीतली मळी दाट होते, नीट वाहत नाही आणि कोक जास्त जळतो. शिवाय पावसाळ्यात हीच माती चाळण्यांची भोकं लिंपून टाकते.

म्हणून खनिज फोडून स्क्रबरमध्ये, पाण्यासह फिरणाऱ्या पोलादी ढोलात, घालतात. ढेकळं एकमेकांवर घासून माती सुटते. ढोलात ढेकळं किती वेळ घोळवायची, हा खरा प्रश्न. थोडा वेळ ठेवली तर माती तशीच राहते. फार वेळ ठेवली तर ठिसूळ खनिजाचाच भुगा होतो. पुढे चाळणीवर मोठे तुकडे भट्टीसाठी निघतात, बारीक माल पाण्याबरोबर खाली उतरतो.

तो जातो क्लासिफायरमध्ये. तिरप्या कुंडात संथ फिरणारं मळसूत्र. हेमॅटाइट पाण्याच्या पाचपट जड, माती साधारण अडीचपट. जड कण तळाशी बसतात, मळसूत्र त्यांना वर ओढतं; माती काठावरून सांडते. कागदावर सोपं. पण कण दहापट बारीक झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट घटतो. मग हेमॅटाइटचं पीठही मातीच्या संगतीनं वाहून जातं. पाणी वाढवावं तर लोह जातं, कमी करावं तर माती मागे राहते. यंत्र तासाला किती टन धुतं, हे सगळे विचारतात. मी आधी काठावरून सांडणाऱ्या लाल पाण्यात लोह किती, ते विचारीन.

या लाल पाण्यातला गाळ थिकनरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीत, दाट करून पाणी परत वापरतात. उरलेला गाळ हितकसाच्या बंधाऱ्यात साठत आला आहे. दल्ली-राजहराचे साठे उतरणीला लागल्यावर भिलाईची नजर रावघाटच्या साठ्यांकडे गेली, तशी अशा गाळाचीही किंमत वाढली. हायड्रोसायक्लोन, म्हणजे गढूळ पाणी गरगर फिरवून जड कण वेगळे करणारा शंकू, आणि तीव्र चुंबकक्षेत्र वापरून त्यातलं लोह वेगळं काढता येतं. साधं चुंबक हेमॅटाइटला पुरत नाही. मिळालेली पूड मात्र तशीच भट्टीत घातली तर झोताबरोबर उडून जाईल. तिच्या गोळ्या वळून भाजाव्या लागतात.