डेटाबेसची तयार उत्तरे

वेबसाइटचे पान रेंगाळते तेव्हा बहुतेकदा सर्व्हर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत असतो. एकच यादी हजार जणांनी मागितली, तर तीच शोधाशोध हजारदा होते. कॅशिंगमध्ये पहिल्या वेळचे उत्तर मेमरीत एका ठरावीक नावाने ठेवतात आणि पुढच्यांना तेथूनच देतात. लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये ‘मेमकॅश्ड’ लिहिले, ते याच कामासाठी. अनेक सर्व्हरांची मेमरी एकत्र वापरण्याची त्यांची कल्पना साधी होती, आणि म्हणूनच टिकली. पुढे फेसबुकने ती प्रचंड प्रमाणावर वापरली.

खरी अडचण उत्तर शिळे होण्याची. त्यासाठी उत्तराला मुदत घालतात किंवा मूळ नोंद बदलताच साठवलेली प्रत पुसतात. दुसरा मार्ग अचूक, पण नाजूक. कोणत्या बदलाने कोणते उत्तर बिघडते, हे प्रोग्रामरलाच ओळखावे लागते. मायएसक्यूएल या डेटाबेसची अंगभूत क्वेरी कॅश (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) टेबलात एक ओळ बदलली तरी त्या टेबलाची सगळी उत्तरे टाकून देई. ८.० आवृत्तीत ती काढून टाकली, हे योग्यच झाले.

लोकप्रिय उत्तराची मुदत संपताच सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडतात, हा आणखी एक धोका. फेसबुकने त्यावर उपाय केला: नवे उत्तर आणण्याची परवानगी एकालाच, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे.

बातम्यांची यादी मिनिटभर जुनी चालते. खात्यातील शिल्लक चालत नाही. मूळ क्वेरीच संथ असेल, तर आधी योग्य इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, लावावा, कॅशिंग त्यानंतर.