लाल पडद्याआडची परी

लखनौस गेलेला प्रवासी हजरतगंजात फेरफटका मारल्यावाचून सहसा परतत नाही. अवधचे बादशहा अमजद अली शाह यांना लोक ‘हजरत’ म्हणत. त्यांच्यावरूनच या बाजारपेठेला हे नाव मिळाले, आणि त्यांची कबरही येथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. येथून थोडे चालत गेले की कैसरबाग लागते. त्यांचे पुत्र वाजिद अली शाह यांनी ती १८४८ ते १८५० या काळात उभारली. आपल्या संगीत रंगभूमीचा एक धागा याच परिसरातून निघतो, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

वाजिद अली शाह स्वतः नृत्य-गायनाचे मोठे शौकीन. राधा-कन्हैयाच्या कथेवरील ‘रहस’ त्यांनी दरबारात करविला. पण तो पाहण्याचे भाग्य सामान्यांच्या वाट्यास कोठून येणार? ती उणीव भरून काढली आगा हसन ‘अमानत’ या कवीने. ऐन तारुण्यात एका आजारात अमानतांची वाचा गेली. पुढे ती परतली, तरी बोलण्यातील अडखळ राहिलीच. ते घराबाहेर फारसे पडत नसत. एका स्नेह्याने सुचविले, की नुसते बसून राहण्यापेक्षा रहसाच्या धर्तीवर काही लिहावे. ज्यास धड बोलता येत नव्हते, त्याच्या लेखणीतून सबंध गाणारे नाटक उतरले. तेच ‘इंदरसभा’.

कथा साधीच आहे. इंदरराजाच्या सभेत पुखराज, नीलम आणि लाल या पऱ्या एकामागून एक येऊन नाचतात, गातात. चौथी सब्ज परी मात्र गुल्फाम नावाच्या मानवावर भाळलेली. ती त्याला चोरून सभेत आणते. गुपित फुटते, गुल्फाम विहिरीत कैद होतो आणि परीचे पंख छाटून तिला हाकलून देण्यात येते. ती जोगीण होऊन गात हिंडते. तिच्या गाण्याची कीर्ती ऐकून राजा तिला बोलावतो, प्रसन्न होऊन बक्षीस देऊ करतो. आणि ती गुल्फामास मागून घेते.

या प्रयोगास लागत होते ते काय? एक लाल पडदा, मागे वादक, आणि परी प्रकट होताना उजळणारी महताब. देखावे बदलण्याची यातायात नव्हती. ठुमरी, गझल, होरी, वसंत यांतूनच कथा पुढे सरके.

हे नाटक दरबारात झाले आणि खुद्द वाजिद अली शाह त्यात इंदर झाले, अशी आख्यायिका पुष्कळ काळ चालली. लखनौ विद्यापीठातील विद्वान मसऊद हसन रिझवी यांनी ती पुराव्यानिशी खोडून काढली. ‘इंदरसभा’ राजवाड्याची नव्हती, ती लोकांची होती. म्हणूनच १८५६ मध्ये राज्य खालसा होऊन बादशहा कलकत्त्यास गेले, तरी ती मावळली नाही. पारशी मंडळ्यांनी ती गावोगाव नेली; १९३२ मध्ये तिच्यावर निघालेल्या बोलपटात सुमारे ७० गाणी होती.

अशाच एका पारशी मंडळीचा ‘इंदरसभे’चा खेळ १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला. ते तेव्हा सरकारी कचेरीत नोकरीस होते. असे मराठीत का होऊ नये, या ध्यासाने त्यांनी ‘शाकुंतल’ हाती घेतले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचे पहिले चार अंक पुण्यात रंगले. अनुकरण मात्र त्यांनी केले नाही. पदांच्या जोडीस गद्य संवाद ठेवून त्यांनी मराठीस आपली वाट दिली.

हे ऋण एका मराठी माणसाने जणू फेडलेही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत संगीत महाविद्यालय निघाले. त्यांचेच नाव धारण करणारे विद्यापीठ आज कैसरबागेतील परीखान्यात आहे.

आपल्या गावची हौशी मंडळी नृत्यप्रधान संगीतिका बसवू पाहत असेल आणि पैशाच्या चिंतेने अडली असेल, तर तिने सब्ज परीकडे पाहावे. पहिल्या तिघी सभेच्या करमणुकीसाठी नाचतात. चौथीच्या गाण्यावर मात्र एक जीव अवलंबून असतो, आणि प्रेक्षक खिळून राहतो तो तिच्याचसाठी. नाचगाण्यामागे असे काही पणास लागलेले असले, की एक लाल पडदाही पुरतो.